इंदूरची हिरवळ आकाशातून मोजायची तर: सेंटिनेल, लँडसॅट की रिसोर्ससॅट?

एप्रिलच्या शेवटी इंदूरजवळची रालामंडलची टेकडी उपग्रहाच्या चित्रात भुरकट, जवळजवळ ओसाड दिसते. ऑक्टोबरच्या शेवटी तीच टेकडी गर्द हिरवी. मधल्या काळात कुऱ्हाड कुणी चालवलेली नसते. सागाने पानं गाळलेली असतात, एवढंच. हे ठाऊक नसलेला माणूस पाच वर्षांपूर्वीचं ऑक्टोबरचं चित्र आणि यंदाचं एप्रिलचं चित्र शेजारी ठेवतो, आणि 'जंगल संपलं' असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. उलट्या क्रमाने ठेवली की 'हरित इंदूर' सिद्ध होतं. दोन्ही सारखंच खोटं.

म्हणून 'कोणता उपग्रह घेऊ?' हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न: कोणता महिना? तरीही सगळे उपग्रहापासूनच सुरुवात करतात, तर आपणही तिथूनच करू. पुढचा हिशेब फुकट मिळणाऱ्या डेटाचा आहे. कॉलनीचं रहिवासी मंडळ, प्रकल्प करणारा विद्यार्थी, शेतकरी उत्पादक कंपनी, वृक्षारोपणाचा हिशेब मागणारी संस्था, यांपैकी कुणालाही घरच्या लॅपटॉपवर तो जमण्यासारखा आहे.

पिक्सेल म्हणजे किती जमीन

युरोपच्या सेंटिनेल-2 चा एक पिक्सेल (चित्राचा सर्वात लहान चौकोन) 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1,076 चौरस फूट. कॉलनीतला एक मध्यम प्लॉट धरा. अमेरिकेच्या लँडसॅटचा 30 मीटरचा, म्हणजे 900 चौरस मीटर, पाव एकराला थोडा कमी. आपल्या रिसोर्ससॅटवर तीन कॅमेरे आहेत: लिस-4 चा पिक्सेल 5.8 मीटरचा, लिस-3 चा 23.5 मीटरचा आणि एविफ्सचा 56 मीटरचा. मोडिसचा (अमेरिकेच्या टेरा उपग्रहावरचा कॅमेरा) 250 मीटरचा म्हणतात, प्रत्यक्षात तो सुमारे 232 मीटर भरतो.

पण एका पिक्सेलवर विश्वास ठेवू नये. दोन तारखांची चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, अर्धा पिक्सेल इकडेतिकडे सरकतं. शिवाय कडेच्या पिक्सेलमध्ये अर्धी बाग आणि अर्धा डांबरी रस्ता असतो. व्यवहारात तुकडा किमान 3 बाय 3 पिक्सेलचा हवा. म्हणजे सेंटिनेलला 900 चौरस मीटर, लँडसॅटला 8,100 चौरस मीटर (बरोबर दोन एकर), लिस-3 ला अर्धा हेक्टर, मोडिसला जवळजवळ 48 हेक्टर. कॉलनीची 20 बाय 25 मीटरची बाग सेंटिनेलमध्येही धड मावत नाही. ती मोजायला उपग्रह लागतच नाही, टेप पुरते.

सेंटिनेल-2 आणि लँडसॅट: खरी निवड या दोघांतच

सेंटिनेल-2ए जून 2015 मध्ये आणि 2बी मार्च 2017 मध्ये अवकाशात गेला. 2सी सप्टेंबर 2024 मध्ये गेला. दोन उपग्रह चालू असले की एका ठिकाणावर दर पाच दिवसांनी फेरी होते. लाल (बी4) आणि डोळ्यांना न दिसणारा निअर इन्फ्रारेड (बी8) हे बँड, म्हणजे प्रकाशाचे पट्टे, 10 मीटरचे. वर या दोघांच्या मधले, 20 मीटरचे तीन रेड-एज बँड (बी5, बी6, बी7) मिळतात, ते लँडसॅटकडे नाहीत. पीक पिवळं पडायला लागलं, पानातलं हरितद्रव्य उतरायला लागलं की आधी रेड-एज हलतो, म्हणून शेतीचं काम करणाऱ्याने हा मुद्दा लक्षात ठेवावा. सेंटिनेलची उणीव एकच, पण मोठी: 2015 च्या मागे काही नाही. दोन्ही उपग्रहांची सलग मालिका तर 2017 पासूनच धरावी.

लँडसॅट 5 हा उपग्रह मार्च 1984 मध्ये गेला. इंदूरचा सुपर कॉरिडॉर हा रुंद रस्ता होण्याआधी तिथे शेती होती, बायपासच्या पलीकडे काय होतं, पिथमपूरच्या कारखान्यांच्या शेड उभ्या राहण्याआधी जमीन कशी दिसायची, हे दाखवणारा फुकटचा साक्षीदार दुसरा नाही. 2008 पासून पूर्ण संग्रह मोफत आहे. मात्र त्याच्या काही खोडी आहेत.

लँडसॅट 7 चा स्कॅन-लाइन करेक्टर 31 मे 2003 रोजी बिघडला. त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात तिरके काळे पट्टे आहेत आणि सुमारे 22 टक्के भाग गायब आहे. लँडसॅट 5 ने नोव्हेंबर 2011 मध्ये चित्रं घेणं थांबवलं आणि लँडसॅट 8 फेब्रुवारी 2013 मध्ये गेला. मधलं 2012 हे वर्ष त्यामुळे एकट्या पट्टेवाल्या लँडसॅट 7 वर आहे. तुमच्या आलेखात 2012 चा बिंदू विचित्र दिसला तर आधी तिथे किती इमेज वापरल्या गेल्या ते मोजा, कारणं नंतर शोधा. 1980-90 च्या दशकांत चित्रंही तुटक आहेत, दरवर्षीचा आग्रह धरू नये. 1990 च्या आसपासची तीन वर्षं एकत्र करून एक चित्र बनवणं जास्त सुरक्षित.

दुसरी खोड बारीक, पण निकाल वाकवणारी. लँडसॅट 5 आणि 7 चा निअर इन्फ्रारेड बँड रुंद होता, 8 आणि 9 चा अरुंद आहे. तीच झाडी नव्या सेन्सरमध्ये थोडी जास्त हिरवी मोजली जाते. दुरुस्तीचे गुणांक न लावता 2005 आणि 2020 ची तुलना केली तर काहीच न बदलताही 'हिरवळ वाढली' असं उत्तर मिळेल. असे गुणांक प्रसिद्ध झालेले आहेत, ते वापरावेत. शिवाय नासाने लँडसॅट आणि सेंटिनेल जुळवून केलेला 30 मीटरचा एकत्रित संग्रह आहे. 2015 नंतरच्या कामाला, दाट तारखा हव्या असतील तर तो सोयीचा.

एक पिक्सेल उघडून पाहू

दोन्ही उपग्रहांच्या डेटात एकेक सापळा आहे, आणि नवखा माणूस हमखास त्यात पडतो. एनडीव्हीआय हा हिरवेपणा सांगणारा आकडा, म्हणजे निअर इन्फ्रारेड वजा लाल, भागिले दोघांची बेरीज. समजा एका झाडीच्या पिक्सेलमध्ये लाल परावर्तन 0.06 आणि निअर इन्फ्रारेड 0.30 आहे. 0.24 भागिले 0.36, म्हणजे 0.67. चांगली दाट झाडी.

सेंटिनेलच्या फाइलमध्ये हे आकडे 10,000 ने गुणून ठेवलेले असतात: 600 आणि 3,000. पण 25 जानेवारी 2022 पासून प्रक्रियेची पद्धत बदलली आणि प्रत्येक आकड्यात 1,000 मिळवले जाऊ लागले. आता फाइलमध्ये 1,600 आणि 4,000 दिसतात. ते तसेच सूत्रात घातले तर 2,400 भागिले 5,600, म्हणजे 0.43. एका रात्रीत 0.67 चं 0.43. झाड तेच, पानं तीच. 2021 आणि 2023 ची तुलना करणाऱ्याच्या नकाशावर सगळा जिल्हा लाल दिसतो. उपाय सोपा: गुगल अर्थ इंजिनमध्ये (उपग्रहचित्रं गुगलच्याच संगणकांवर हाताळण्याची सोय) 'एस2 एसआर हार्मोनाइज्ड' हाच संग्रह घ्या, त्यात हे हजार वजा केलेले असतात. फाइल उतरवून काम करत असाल तर 1,000 स्वतः वजा करा.

लँडसॅटच्या कलेक्शन-2 या संग्रहामध्ये आकड्याला 0.0000275 ने गुणून 0.2 वजा करावे लागतात. नुसत्या गुणाकाराने एनडीव्हीआय बदलत नाही, भागाकारात तो कटतो. वजाबाकी विसरली तर वरच्याच पिक्सेलचा एनडीव्हीआय 0.67 ऐवजी 0.32 येतो. गंमत अशी की सगळ्याच वर्षांत विसरला असाल तर चूक एकसारखी पसरते, नकाशा 'बरा' दिसतो, आणि ती पकडलीही जात नाही.

माळव्याचं पंचांग

इंदूरच्या आसपास वर्षाचे तीन वेगवेगळे चेहरे असतात, आणि काय मोजायचंय त्यावर महिना ठरतो.

जंगल मोजायचं असेल तर, म्हणजे रालामंडल, चोरलचं खोरं, जानापाव, पातालपाणीचा उतार, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ सर्वात चांगला. ढग सरलेले, पानं अजून झाडावर, सोयाबीन निघून गेलेलं आणि गहू नुकताच पेरलेला. त्यामुळे जंगलाची कड शेतापासून स्वच्छ वेगळी दिसते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली असतो, विंध्याच्या उत्तरेकडच्या उतारांवर सावली पसरते. फेब्रुवारीनंतर पानगळीचा प्रश्न.

शहरातली झाडं मोजायची असतील, म्हणजे रेसिडेन्सीचा परिसर, जुन्या बंगल्यांची आवारं, रस्त्याकडेचे कडुनिंब, तर उलट एप्रिल-मे घ्या. गवत वाळलेलं असतं, शेतं उघडी असतात, आणि हिरवं उरतं ते बहुतेक झाडच. दोन फसवे अपवाद आहेत: पाणी देऊन वाढवलेली लॉन, आणि पाणी असेल तिथे घेतलेला उन्हाळी मूग. शिवाय गव्हाची नरवाई (कापणीनंतर उरलेले खुंट) जाळली की शेतं काळी पडतात आणि धुराने चित्र धुरकट होतं. जळालेला भाग ओळखायला निअर इन्फ्रारेड आणि बी12 (शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड) यांचं गुणोत्तर वापरतात, नुसत्या एनडीव्हीआयवर तो उघड्या जमिनीत मिसळून जातो.

पीक मोजायचं असेल तर रब्बीत अडचण नाही. गहू नोव्हेंबरला पेरला, मार्चला काढला, आकाश निरभ्र, दर पाच दिवसांनी चित्र. खरिपाचं मात्र दुखणं आहे. सोयाबीन जूनअखेर-जुलैत पेरलं जातं आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात निघतं, नेमके ढगांचे महिने. जुलै-ऑगस्टमध्ये सेंटिनेल-2 च्या बारा फेऱ्या झाल्या तरी कामाची दोन चित्रं मिळाली तर मिळाली. इथे सेंटिनेल-1 चा रडार लागतो. तो ढगांतून पाहतो, रात्रीही पाहतो. पण रडार 'हिरवं' पाहत नाही. पानाफांद्यांची घडण आणि ओल पाहतो. पाऊस पडून गेलेल्या सकाळी काळ्या मातीचा परतावा वाढतो आणि पीक वाढल्याचा भास होतो. म्हणून व्हीएच आणि व्हीव्ही या रडारच्या दोन्ही मापांचं गुणोत्तर पाहावं, एकेरी आकडा नको. आणि फेऱ्यांची दिशा बदलू देऊ नका: चढत्या आणि उतरत्या फेरीची चित्रं एका आलेखात मिसळली की करवतीचे दात दिसतात. 2021 च्या डिसेंबरात सेंटिनेल-1बी बंद पडला. त्यानंतरची काही वर्षं मालिका विरळ आहे. जुलै 2025 मध्ये गेलेला भारत-अमेरिकेचा रडार उपग्रह निसार एल-बँडमुळे (लांब लहरींमुळे) पानांच्या खाली खोड-फांद्यांपर्यंत पोहोचतो. जंगलासाठी तो मोठा आधार ठरेल, पण बदल मोजायला आधीची वर्षं लागतात, आणि ती त्याच्याकडे अजून नाहीत.

महिना ठरला की तो सगळ्या वर्षांना सारखा. 'यंदा नोव्हेंबरचं चित्र ढगाळ होतं म्हणून जानेवारीचं घेतलं' हे चालत नाही. ते वर्ष रिकामं सोडा.

एनडीव्हीआय की आणखी काही

इथे फार वेळ घालवू नका. बहुतेक कामाला एनडीव्हीआय पुरतो. तीन ठिकाणी मात्र तो फसतो.

एक, काळी माती. गडद मातीवर विरळ झाडी असेल तर तेवढ्याच झाडीचा एनडीव्हीआय फिक्या मातीपेक्षा जास्त येतो. पहिल्या पावसात माती भिजून आणखी काळी होते, आणि एकही पान न फुटता आकडा वर सरकतो. पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्यासाठी म्हणून सॅव्ही (मातीचा परिणाम कमी करणारा निर्देशांक) घ्या, मातीचा गुणक 0.5 ठेवून. दोन, दाट झाडी. पावसाळ्याअखेरच्या जंगलात एनडीव्हीआय तुंबतो, वर जातच नाही. तिथे ईव्हीआय किंवा रेड-एजवरचा एनडीआरई हा निर्देशांक बरा. पण चोरलसारख्या उताराच्या भागात ईव्हीआय नको. एनडीव्हीआय नुसतं गुणोत्तर असल्याने उतारावरची सावली बरीचशी कटते, ईव्हीआयमध्ये ती तशीच राहते. तीन, पाणी. सिरपूरच्या तलावावर जलपर्णी पसरली तर नकाशात ते उत्तम जंगल दिसेल. तलाव आधी सीमेतून वगळा.

आणि आकडा हिरवेपणा सांगतो, झाडाची जात सांगत नाही. सागाच्या खाली घाणेरी माजली तर एनडीव्हीआय वाढतो. वन खात्याच्या दृष्टीने ते नुकसान, उपग्रहाच्या दृष्टीने प्रगती.

रिसोर्ससॅट आणि बाकीचे

रिसोर्ससॅट-2 (एप्रिल 2011) आणि 2ए (डिसेंबर 2016) यांची चित्रं हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या (एनआरएससी) भूनिधी पोर्टलवर मिळतात. 2023 च्या अंतराळ धोरणाप्रमाणे 5 मीटर आणि त्याहून जाड पिक्सेलचा डेटा सर्वांना खुला आहे, लिस-4 त्यातच बसतो. 5.8 मीटरवर शेताचा बांध, झाडांची ओळ, बायपासच्या कडेची पट्टी सेंटिनेलपेक्षा स्पष्ट दिसते. मग सगळ्यांनी तेच का घेऊ नये? लिस-4 ला हिरवा, लाल आणि निअर इन्फ्रारेड हे तीनच बँड. निळा नाही, शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड नाही, त्यामुळे ओल, जळिताचे डाग आणि पातळ ढग पकडता येत नाहीत. ढग हाताने गाळावे लागतात. वातावरणाची दुरुस्तीही बहुधा स्वतः करावी लागते. एका तारखेचा सुंदर नकाशा हवा असेल तर लिस-4, दहा वर्षांची मालिका हवी असेल तर नाही, असं आमचं स्पष्ट मत.

मोडिस 2000 पासून दर 16 दिवसांचा तयार एनडीव्हीआय देतो. त्याच्यावर इंदूरची कॉलनी शोधू नका. त्याचं काम वेगळं: अख्ख्या तालुक्यात यंदा पाऊस कमी झाल्यामुळे हिरवळ खाली आहे का, हे दहा मिनिटांत कळतं. टेरा उपग्रहाची कक्षा अलीकडे ढळली आहे, त्यामुळे शेवटच्या काही वर्षांच्या बारीक चढउतारावर भर देऊ नये.

कुठे बसून करायचं

नुसतं पाहायचं असेल तर कोपर्निकस ब्राउझर. मोफत खातं उघडा, सीमा काढा, तारीख बदलत बसा. त्या सीमेतल्या एनडीव्हीआयचा आलेखही तिथेच मिळतो. मंडळाच्या बैठकीत दाखवायला हे पुरेसं आहे.

गुगल अर्थ इंजिनमध्ये डेटा उतरवावा लागत नाही, चाळीस वर्षांचं लँडसॅट दोन मिनिटांत गाळून मिळतं. थोडी जावास्क्रिप्ट किंवा पायथन लागते. शिक्षण आणि बिगरव्यावसायिक कामाला मोफत, नोंदणी करून. फी घेऊन काम करणाऱ्या सल्लागाराने मात्र व्यावसायिक परवान्याचं आधी पाहावं.

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर संपूर्ण मोफत, इंटरनेटशिवाय चालतं, पण सेंटिनेलची एक टाइल, सुमारे 110 किलोमीटर बाजूची, एक जीबीच्या आसपास असते. आठ वर्षं गुणिले तीन चित्रं म्हणजे वीस-पंचवीस जीबी, आणि प्रत्येकाचे ढग हाताने गाळायचे. क्यूजीआयएस अंतिम नकाशाला आणि तपासणीला ठेवा, दळण अर्थ इंजिनवर दळा. दोन्हीकडे प्रोजेक्शन (नकाशा मीटरमध्ये मांडण्याची पद्धत) यूटीएम झोन 43 उत्तर, ईपीएसजी 32643. अंश-कलांत क्षेत्रफळ काढायला गेलात की आकडे भलतेच येतात.

कृती

सीमा गुगल अर्थवर काढून केएमएल फाइल करा आणि कडेचे दहा-पंधरा मीटर आत घ्या, म्हणजे रस्त्याचे मिश्र पिक्सेल जातील. खिडकी ठरवा, उदाहरणार्थ 15 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबर. ढग गाळायला सेंटिनेलसाठी क्लाउड स्कोअर प्लस (पिक्सेल किती स्वच्छ आहे याचा तयार गुण) वापरा, उंबरठा 0.60 पासून सुरू करा. सेंटिनेलसोबत येणारा वर्गीकरणाचा थर पिथमपूरच्या चकचकीत पत्र्यांना ढग समजतो आणि उंच इमारतीच्या सावलीला ढगाची सावली. शहरात त्याच्यावर भिस्त नको. उरलेल्या चित्रांचा मध्यक काढा. 'सर्वात हिरवा पिक्सेल' निवडण्याचा मोह टाळा, तो चुकांनाही निवडतो.

आता दोन वर्षांची वजाबाकी. किती फरक म्हणजे बदल? इथे लोक 0.1 किंवा 0.2 असा आकडा हवेतून धरतात. त्यापेक्षा जिथे काही बदललेलं नाही हे तुम्हाला नक्की माहीत आहे, असे साक्षीदार तुकडे निवडा: एखादं जुनं आवार, जुनी आमराई, संरक्षित टेकडीचा आतला भाग. तिथल्या फरकाची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. सरासरीपासून दोन विचलनांच्या पलीकडे गेलेलाच पिक्सेल बदललेला माना. याने पावसाचाही हिशेब आपोआप होतो: कोरड्या वर्षी साक्षीदार तुकडेही खाली उतरतात आणि उंबरठा त्यांच्यासोबत सरकतो. पाच-सहा पिक्सेलपेक्षा लहान ठिपके गाळून टाका.

दोन वर्षांऐवजी पूर्ण मालिका असेल तर दोन वाटा. सेंटिनेलच्या सात-आठ बिंदूंवर सेनचा उतार (दरवर्षीच्या बदलाचा वेग) काढता येतो, पण एवढ्या कमी बिंदूंवर मान-केंडॉल चाचणी, म्हणजे कल खरा की योगायोग हे पाहणारी, क्वचितच ठाम बोलते. तिचा निकाल 'सिद्ध झालं नाही' असा आला तर त्याचा अर्थ 'बदल नाही' असा लावू नका. 1990 पासूनचं लँडसॅट असेल तर लँडट्रेंडर ही संगणकी पद्धत: तो प्रत्येक पिक्सेलची वर्षवार रेघ तुकड्यांत मोडतो आणि तोड कोणत्या वर्षी झाली ते सांगतो. सुपर कॉरिडॉरसारख्या जागेवर हे वर्षच मोलाचं असतं.

शेवटी तपासणी, आणि बहुतेक अहवाल इथेच लंगडतात. समजा नकाशा म्हणतो 40 हेक्टर झाडी गेली, 2,000 हेक्टर जशीच्या तशी. 'गेली' या भागात 50 यादृच्छिक बिंदू घेतले आणि गुगल अर्थच्या जुन्या चित्रांत पाहिलं, 35 ठिकाणी खरंच गेली होती. म्हणजे 40 पैकी 28 हेक्टर. आता 'जशीच्या तशी' या भागात 100 बिंदू पाहिले, त्यांतल्या 2 ठिकाणी झाडी गेलेली निघाली. दोन टक्के किरकोळ वाटतात, पण 2,000 चे दोन टक्के म्हणजे 40 हेक्टर. खरा अंदाज 68, नकाशाचा आकडा 40. आणि 100 बिंदूंवर दोन सापडले तर त्या 40 हेक्टरची अनिश्चितताही पन्नासएक हेक्टरच्या घरात जाते, म्हणून मोठ्या वर्गात बिंदू जास्त घ्यावे लागतात. पिक्सेल मोजून थेट क्षेत्रफळ छापणाऱ्या अहवालाला हा प्रश्न जरूर विचारा.

लावलेली रोपं दिसतील का

14 जुलै 2024 रोजी इंदूरच्या रेवती रेंजवर 24 तासांत 11 लाखांहून जास्त रोपं लावली गेली, विक्रम झाला. साहजिकच प्रश्न येतो: उपग्रहावरून किती जगली ते सांगता येईल का?

हिशेब करू. रोपं 2 बाय 2 मीटरवर लावली असं धरलं तर सेंटिनेलच्या एका पिक्सेलमध्ये 25 रोपं. रोपाच्या पसाऱ्याचा व्यास 30 सेंटिमीटर असेल तर एका रोपाची सावली 0.07 चौरस मीटर, पंचवीसांची पावणेदोन. शंभर चौरस मीटरच्या पिक्सेलमध्ये दोन टक्केही नाही. बाकी अठ्ठ्याण्णव टक्के गवत आणि माती. ऑक्टोबरचा एनडीव्हीआय चढलेला दिसेल, तो गवताचा. सगळी रोपं मेली तरी दिसेल. व्यास एक मीटर झाला की पिक्सेलचा वीस टक्के भाग झाडाचा होतो, आणि मेमध्ये, गवत वाळल्यावर, हिरवळीची खूण दिसायला लागते. तोपर्यंत तीन-चार वर्षं जमिनीवरची मोजणीच खरी: 10 बाय 10 मीटरचे यादृच्छिक चौकोन आखून जिवंत रोपं मोजा, कोपऱ्यांचे जीपीएस लिहा, दरवर्षी मेमध्ये परत त्याच चौकोनांत जा. ड्रोन 3 ते 5 सेंटिमीटरचं चित्र देतो आणि दुसऱ्या वर्षापासून उपयोगी पडतो. विमानतळाजवळ उडवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशावर झोन पाहून घ्या.

तयार नकाशे

मेहनत नको म्हणून लोक तयार नकाशे उचलतात. वर्ल्डकव्हर हा जमिनीच्या वापराचा नकाशा 2020 आणि 2021 या दोन वर्षांचा आहे, पण दोन्ही वेगवेगळ्या आवृत्तीच्या पद्धतीने केलेले; त्यांची वजाबाकी म्हणजे पद्धतीतला फरक. डायनॅमिक वर्ल्ड प्रत्येक सेंटिनेल चित्रावर वेगळं उत्तर देतं, ते हंगामाचं मध्यक काढून वापरलं तर ठीक. 2000 पासूनचा 30 मीटरचा जागतिक वनहानीचा नकाशा 5 मीटरहून उंच झाडांसाठी आहे, पानगळीच्या कोरड्या जंगलात तो कमी पकडतो, आणि पद्धत मध्ये सुधारल्यामुळे आधीच्या व नंतरच्या वर्षांची थेट तुलना करता येत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाचा द्वैवार्षिक अहवाल लिस-3 वर, किमान एक हेक्टरच्या तुकड्यांवर बनतो. त्यात 10 टक्क्यांहून जास्त छत्र असलेली कुठलीही झाडी 'वनाच्छादन' धरली जाते, मग ती आमराई असो की निलगिरीची लागवड. जिल्ह्याचा आकडा उद्धृत करायला उत्तम, तुमच्या टेकडीला निरुपयोगी.

तर कुणी काय घ्यावं

2017 नंतरचं, दोन एकरांहून लहान तुकड्यांचं काम: सेंटिनेल-2, दुसरा विचार नको. चाळीस वर्षांचं शहर: लँडसॅट, पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी, 2012 आणि लँडसॅट 7 ची 2017 नंतरची ढळलेल्या कक्षेतली चित्रं टाळून. दोन्ही काळ हवे असतील तर दोन वेगळे आलेख काढा, 2017 ते आजपर्यंतच्या वर्षांत ते एकमेकांशी जुळतात का ते पाहा, आणि जुळले तरच एका पानावर छापा. सोयाबीनवाल्या शेतकरी कंपनीने रब्बीला सेंटिनेल-2, खरिपाला सेंटिनेल-1, आणि दोन्ही हंगामांत निदान तीस शेतांची पेरणीची तारीख व पीक हाताने लिहिलेली वही. ती नसेल तर रडारच्या रेघांना अर्थ लावणारं कुणी उरत नाही. 3 मीटरचा रोजचा व्यावसायिक डेटा विकत घेण्याची वेळ फार थोड्यांवर येते, मुख्यतः आठवड्याभरात झालेली तोड पकडायची असेल तेव्हा. त्याआधी सेंटिनेलवर एक पूर्ण वर्ष काढून पाहा.

आणि नकाशा कुणालाही देताना त्याच्या खाली वापरलेल्या प्रत्येक चित्राची तारीख, ढगांचा उंबरठा आणि साक्षीदार तुकड्यांच्या सीमा छापा. पुढच्या वर्षी तेच काम दुसरं कुणी करेल तेव्हा त्याला हे तिन्ही लागतील.